मराठीतून सेवा मिळत नसेल तर तक्रार कशी करायची: वेल्सच्या भाषा आयुक्तांची पद्धत आपल्या तालुक्यात

बँकेत, पोस्टात, नगरपरिषदेत, मायक्रोफायनान्सच्या मीटिंगला, कुठंही समोर नुसता इंग्रजी फॉर्म आला की आपल्याकडं लोक दोनच गोष्टी करतात, एकतर गुपचूप कुणाकडून तरी भरून घेतात नाहीतर काउंटरवरच्या पोरावर चिडतात. दोन्हीनं दुसऱ्या दिवशी येणाऱ्या माणसाला मराठी फॉर्म काय मिळत नाही. तिसरा रस्ता लेखी तक्रारीचा आहे. मी तहसीलसमोर अर्ज लिहून द्यायचं काम करतो त्यामुळं लोकांच्या तक्रारी रोज हाताखालून जातात, आणि भाषेची तक्रार नेमकी कशी लिहायची हे मला सगळ्यात नीट कळलं ते वेल्समधलं भाषा आयुक्तांचं ऑफिस कसं चालतं हे वाचल्यावर. म्हणून आधी तिकडचं सांगतो, मग आपल्याकडं कोणता कागद कुठं द्यायचा ते.

वेल्समध्ये हे पद आलं कसं

वेल्स म्हणजे ब्रिटनचा पश्चिमेकडचा भाग, तिथली स्वतःची भाषा वेल्श. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे निघाले साधारण ५ लाख ३८ हजार, तिथल्या लोकसंख्येच्या १७.८ टक्के. आपल्या नांदेड शहराची लोकसंख्या २०११ ला साडेपाच लाख होती, म्हणजे एका नांदेडएवढी माणसं बोलतात ती भाषा. आणि तेवढ्या लोकांसाठी कायद्यानं एक अधिकारी नेमलाय ज्याचं कामच हे की वेल्श वाढवायची, आणि ती वापरताना कुणी अडवलं तर ऐकून घ्यायचं.

हे आपोआप झालं नाही. १५३६ च्या कायद्यानं तिथं कोर्ट-कचेरीची भाषा इंग्रजी झाली, इंग्रजी येत नसेल त्याला सरकारी पद नाही. घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी, हे आपल्या मराठवाड्याला समजावून सांगायची गरज नाही. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत होता, १९१८ ला हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं, आणि अजूनही आपल्याकडं कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा जुने कागद वाचायला उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं हुडकावी लागली. उर्दू इथल्या लाखो लोकांची मायबोली आहे, भाषेवर माझा काही राग नाही. त्रास हा की ज्याच्या जमिनीचा कागद त्यालाच तो वाचता येत नव्हता.

तर वेल्समध्ये लोकांनी अनेक वर्षं आंदोलनं केली, रस्त्यावरच्या इंग्रजी पाट्या रंगवल्या, इंग्रजी नोटिसा परत पाठवल्या, काही जण जेलमध्ये गेले. १९६७ ला पहिला भाषा कायदा झाला, १९९३ च्या कायद्यानं वेल्श भाषा मंडळ आलं. मंडळ चांगलं काम करायचं पण त्याच्या हातात सक्तीची ताकद लई कमी होती, ऑफिसांनी आपापल्या भाषा योजना लिहायच्या आणि मंडळानं पाठपुरावा करायचा. मग २०११ ला नवीन कायदा झाला आणि १ एप्रिल २०१२ पासून मंडळाच्या जागी वेल्श भाषा आयुक्त आले. पहिल्या आयुक्त मेरी ह्यूस, २०१९ पासून ॲलेड रॉबर्ट्स, ते २०२२ ला पदावर असतानाच वारले, आणि २०२३ च्या जानेवारीपासून एव्हा ग्रिफिद जोन्स. नेमणूक वेल्सचे फर्स्ट मिनिस्टर करतात, म्हणजे आपले मुख्यमंत्री समजा. मुदत सात वर्षं आणि ती एकदाच, दुसऱ्यांदा मिळत नाही. मला हे लई महत्त्वाचं वाटतं, कारण पुन्हा नेमणूक मिळवायचीच नसेल तर त्या माणसाला सरकारच्याच खात्याला नोटीस धाडताना मागंपुढं बघावं लागत नाही.

खरी गोष्ट: जबाबदाऱ्या सुट्या सुट्या लिहिलेल्या

वेल्सच्या कायद्यात 'वेल्शचा जास्तीत जास्त वापर करावा' एवढंच म्हणून सोडून दिलेलं नाही. तिथं मानकं आहेत, म्हणजे ऑफिसनं काय करायचं त्याची एकेक ओळ. सेवा देण्याची वेगळी, धोरण ठरवण्याची वेगळी, ऑफिसच्या आतल्या कामाची, भाषेच्या प्रसाराची आणि नोंदी ठेवण्याची वेगळी. आयुक्त प्रत्येक संस्थेला एक नोटीस देतात, त्यात ही मानकं तुम्हाला लागू आणि या तारखेपासून लागू असं स्पष्ट लिहिलेलं असतं. पहिल्यांदा कौन्सिलं, राष्ट्रीय उद्यानं आणि खुद्द वेल्स सरकार यांना २०१६ च्या मार्चअखेर लागू झाली, दवाखान्यांच्या बोर्डांना २०१९ ला. आता शंभरावर संस्था त्यात आहेत.

या ओळी किती बारीक आहेत बघा. कुणी वेल्शमध्ये पत्र लिहिलं आणि उत्तर द्यायचं असेल तर उत्तर वेल्शमध्येच द्यायचं. ऑफिसनं आपल्या पत्रावर छापायचं की आम्ही वेल्शमधली पत्रं आनंदानं घेतो, आणि वेल्शमध्ये लिहिल्यामुळं तुमच्या कामाला उशीर होणार नाही. ही उशिराची ओळ ज्यानं घातली त्याला लोकांच्या मनातली भीती पक्की माहिती होती, कारण आपल्याकडं पण माणूस इंग्रजी फॉर्म काहून भरतो तर मराठीचा मागितला की काम लटकंल म्हणून. मेन नंबरवर फोन उचलला की वेल्शमध्ये नमस्कार करायचा. नवीन पाटी लावताना वेल्श मजकूर अशा जागी ठेवायचा की नजर पहिल्यांदा त्याच्यावर पडंल. नवीन जागा भरायची तर त्या जागेला वेल्श लागते का हे आधी तपासायचं. आणि भाषेच्या किती तक्रारी आल्या त्याची नोंद ठेवायची.

त्यासोबत एक विचार तिथं लई चालतो, तो असा की माणसानं मागायची वाट बघायची नाही, आपणच आधी विचारायचं. वेल्श बोलणारे कर्मचारी छातीवर नारंगी रंगाचा बिल्ला लावतात, चित्रकथेत माणसाचं बोलणं ज्या फुग्यात लिहितात तसल्या फुग्याचा, बिल्ला दिसला की समोरचा बिनधास्त वेल्शमध्ये बोलायला लागतो. दवाखान्यात घाबरलेल्या म्हाताऱ्या बाईला 'वेल्शमध्ये बोलणारं कुणी आहे का हो' असं विचारायची पाळीच येऊ नये, एवढाच त्याचा हेतू.

तक्रार गेल्यावर तिथं काय होतं

माणूस आयुक्तांच्या ऑफिसला कळवतो की अमुक संस्थेनं अमुक तारखेला मला वेल्शमध्ये सेवा दिली नाही. ऑफिस बघतं की ती संस्था कायद्यात बसते का आणि कोणतं मानक मोडल्यासारखं दिसतंय. मग चौकशी करायची का नाही हे ठरतं, केली तर संस्थेला म्हणणं मांडायला मिळतं, आणि शेवटी लेखी निर्णय येतो. चूक निघाली तर आयुक्त सांगू शकतात की एवढ्या मुदतीत हे दुरुस्त करा, सुधारणेचा आराखडा करून द्या, तुमची चूक जाहीर करा, आणि ५ हजार पाउंडांपर्यंत दंडही लावता येतो, म्हणजे साधारण पाच-सहा लाख रुपये. दंडापेक्षा मुदत घालून दिलेल्या दुरुस्तीचाच उपयोग जास्त. निर्णय पटला नाही तर वेल्श भाषा न्यायाधिकरण आहे. आणि एक वेगळं कलम असं की दोन माणसं आपसात वेल्श बोलायलेत आणि त्यांना कुणी 'इथं वेल्श बोलू नका' म्हणून अडवलं तर त्याचीही चौकशी आयुक्त करू शकतात.

ताकदीला मर्यादा पण आहेत. ब्रिटन सरकारच्या राष्ट्रीय बचत संस्थेनं वेल्शमधून सेवा द्यायची आपली भाषा योजना बंद केली तेव्हा आयुक्त हायकोर्टात गेल्या आणि २०१४ ला जिंकल्या. पण एचएसबीसी बँकेनं २०२४ च्या जानेवारीत वेल्श फोनलाइन बंद केली तेव्हा आयुक्तांना नाराजी सांगण्यापलीकडं फार काही करता आलं नाही, कारण खाजगी बँका त्या मानकांत येतच नाहीत.

हे वाचलं आणि मी आपल्याकडचे नियम पुन्हा काढून बसलो. कारण बँकेच्या बाबतीत आपल्याकडं वेल्सपेक्षा पक्का नियम आहे! आपल्याकडं नियम कमी नाहीत, ते वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेत आणि सगळ्यांचं मिळून ऐकणारं एक टेबल नाही. तोपर्यंत टेबल कोणतं हे आपणच शोधायचं, आणि तक्रार वेल्समधल्यासारखी लिहायची: एक संस्था, एक दिवस, एक मोडलेला नियम, एक मागणी.

आपल्या हातात काय काय आहे

सरकारी ऑफिस असंल, म्हणजे तहसील, पंचायत समिती, कृषी कार्यालय, तर महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४. त्यात २०२१ ला सुधारणा झाली. त्याच्यावर ३ फेब्रुवारी २०२५ चा शासन निर्णय आहे, ऑफिसमध्ये येणाऱ्यांशी मराठीत बोलायचं, पाट्या मराठीत, कामकाज मराठीत, आणि कुणी पाळत नसंल तर तक्रार ऑफिसप्रमुखाकडं किंवा विभागप्रमुखाकडं. तिथं समाधान झालं नाही तर विधिमंडळाच्या मराठी भाषा समितीकडं जाता येतं. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली मराठी भाषा समिती आहे, तिला प्रत पाठवायची.

नगरपरिषद, महानगरपालिका, जिल्हा परिषद यांच्यासाठी २०२२ चा स्थानिक प्राधिकरणांचा राजभाषेचा वेगळा कायदा आहे आणि त्यात मराठी भाषा अधिकारी नेमायची तरतूद आहे. हा अधिकारी म्हणजे बहुतेक वेळा आधीच चार टेबलं सांभाळणारा माणूस असतो, तरी त्याच्याच नावानं अर्ज द्या. कागद आला की त्या पदाला काम आहे हे वर कळतं.

दुकानाच्या पाट्यांचा नियम सगळ्यांना माहितीय, मराठी अक्षरं बाकीच्यांपेक्षा लहान नकोत, सुप्रीम कोर्टानं २०२३ च्या सप्टेंबरात दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली होती. त्याच्यावर मी जास्त लिहीत नाही. पाटीपेक्षा आतला फॉर्म माणसाचं जास्त नुकसान करतो.

बँक सरकारी असो का खाजगी, रिझर्व्ह बँकेचे ग्राहकसेवेचे निर्देश सांगतात की काउंटरवरच्या पाट्या इंग्रजी, हिंदी आणि त्या भागाच्या भाषेत हव्या, आणि सामान्य ग्राहकाच्या हातात जाणारं छापील साहित्य, खातं उघडायचा फॉर्म, पैसे भरायची स्लिप, पासबुक, हेही तिन्ही भाषांत हवं. फायनान्स कंपन्यांना तर कर्जदाराशी पत्रव्यवहार त्याला समजणाऱ्या भाषेतच करायला सांगितलंय, आणि मायक्रोफायनान्सचं लोन कार्ड पण कर्जदाराला कळंल त्या भाषेत.

आणि या सगळ्याच्या वर संविधानाचं कलम ३५०: गाऱ्हाणं मांडायला केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडं, केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अर्ज करता येतो. म्हणजे रेल्वेला, पोस्टाला, आयकरला मराठीत अर्ज दिला तर 'इंग्रजीत आणा' म्हणायचा हक्क कुणाला नाही. देगलूर-बिलोलीकडचे तेलुगू बोलणारे, उदगीर-निलंग्याकडचे कन्नड बोलणारे, सगळीकडचे उर्दू बोलणारे, त्यांनाही हे कलम तेवढंच लागू आहे, आणि आपण मराठीसाठी भांडताना त्यांचं हे विसरायचं नाही.

आता प्रत्यक्ष करायचं कसं

आमच्या गल्लीतल्या एका मावशीनं गटातून एका फायनान्स कंपनीचं कर्ज घेतलं होतं. तिनं मला लोन कार्ड दाखवलं. जाड कागदाचं, घडी घालायचं, आत हप्त्यांचा तक्ता, प्रत्येक हप्त्यापुढं साहेबाची सही. तिचं नाव इंग्रजीत, व्याजाचा दर इंग्रजीत, आणि वरच्या बाजूला बारीक अक्षरात प्रोसेसिंगचे आणि विम्याचे पैसे कापल्याची ओळ, तीही इंग्रजीत. हातात रक्कम कमी आली तेव्हा तिला वाटलं साहेबानं काहीतरी चहापाण्याचे ठेवले असतील. कार्ड अनेक महिने तिच्याच डब्यात होतं, विमा कोणाचा, किती, नवऱ्याला काही झालं तर कर्ज माफ होतं का, यातलं काही तिला माहिती नव्हतं. एवढं सगळं तिच्या हक्काचं, आणि तिच्याच हातात असून तिला बंद. भाषेचा प्रश्न मला म्हणून पाटीच्या आधी कार्डात दिसतो.

तिच्या कामात जे केलं तेच सगळीकडं करायचं.

सगळ्यात आधी तोंडी मागा, आणि शांतपणे मागा. 'मराठीतला फॉर्म आहे का?' एवढंच. कितीतरी वेळा आतल्या कपाटात गठ्ठा असतो, काउंटरवर ठेवलेला नसतो. मिळाला तर घ्या आणि सांगा की हा बाहेर ठेवा. काउंटरवरचा पोरगा बिहारचा असंल नाहीतर आंध्रचा, त्याला मराठी येत नाही हा त्याचा गुन्हा नाही, त्याला इथं पाठवताना मराठी येणारं माणूस सोबत न देणाऱ्या ऑफिसची ती जबाबदारी. वेल्समध्ये पण चौकशी संस्थेची होते. बँकेत घुसून पोरांना दमदाटी केल्याचे व्हिडिओ फिरतात, त्यानं व्हिडिओ होतो, फॉर्म छापला जात नाही. उलट पुढच्या वेळी खरी तक्रार घेऊन जाणारा माणूसही त्यांना भांडखोर वाटतो.

नाही म्हणाले तर तिथंच उभं राहून लिहून घ्या: तारीख, वेळ, शाखा किंवा ऑफिस, काउंटर नंबर, कोणता फॉर्म, काय उत्तर मिळालं. कोऱ्या फॉर्मची एक प्रत मागून घ्या, तीच तुमचा पुरावा. फोटो काढायचा तर पाटीचा किंवा फॉर्मचा काढा, माणसांचा नको.

मग अर्ज. लोक अर्ज लिहायले की पहिलं पान मराठीच्या थोरवीत जातं, ज्ञानेश्वरांपासून सुरू होतं, अंबाजोगाईच्या मुकुंदराजांवर येतं, २०२४ ला मिळालेल्या अभिजात दर्जावर येतं, आणि मूळ गोष्ट दुसऱ्या पानावर तळाला. मला त्या सगळ्याचा अभिमान आहे, पण वाचणारा अधिकारी पहिल्या चार ओळी वाचून शेरा मारतो. 'मराठीचा सन्मान राखावा' या मागणीवर तो 'नोंद घेतली' लिहून फाइल बंद करू शकतो. 'पैसे काढायची स्लिप मराठीत ठेवावी' या मागणीवर त्याला ठेवली का नाही हे लिहावंच लागतं. नमुना असा:

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँकेचं नाव, शाखा, तालुका, जिल्हा)

विषय: पैसे काढण्याची स्लिप व पीककर्ज नूतनीकरणाचा अर्ज मराठीत उपलब्ध करून देण्याबाबत.

महोदय,
मी आपल्या शाखेचा खातेदार आहे. दिनांक ……… रोजी सकाळी ११ वाजण्याच्या सुमारास मी शाखेत आलो असता काउंटर क्र. …… वर मला वरील दोन्ही नमुने फक्त इंग्रजी व हिंदीत देण्यात आले. मराठी नमुन्याची मागणी केली असता तो उपलब्ध नसल्याचे सांगण्यात आले. कोरा नमुना सोबत जोडला आहे.
रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेच्या निर्देशांनुसार ग्राहकांसाठीचे छापील साहित्य इंग्रजी, हिंदी व संबंधित प्रादेशिक भाषेत असणे आवश्यक आहे. तरी,
१) दोन्ही नमुने मराठीत काउंटरवर ठेवावेत व ते कोणत्या तारखेपर्यंत ठेवले जातील ते कळवावे.
२) तोपर्यंत मराठीत समजावून सांगण्यासाठी एक कर्मचारी नेमून त्याच्या टेबलावर तशी पाटी लावावी.
३) या अर्जाचे लेखी उत्तर मराठीत द्यावे. या अर्जामुळे माझ्या कर्जप्रकरणास विलंब होऊ नये, ही विनंती.

आपला विश्वासू,
(नाव, सही, पत्ता)

तिसऱ्या मुद्द्यातलं विलंबाचं वाक्य मी वेल्सच्या त्या छापील ओळीवरून घेतलंय. शेतकरी माणसाला सगळ्यात जास्त काळजी तीच असते, जूनमध्ये पेरणी तोंडावर आणि बँकेशी वाकडं घ्यायचं कसं. ते वाक्य अर्जात असलं आणि नंतर खरंच प्रकरण रखडलं तर दाखवायला कागद राहतो.

दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या, शिक्का, तारीख, सही. पोच देत नसतील तर भांडू नका, पोस्टात जाऊन स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती अर्जाला टाचा. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा, मग तो कितीही चांगला लिहिलेला असू द्या.

बँक किंवा फायनान्स कंपनी असंल तर ३० दिवस थांबा. उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जायचं, त्याला फी नाही, वकील लागत नाही, ऑनलाइन करता येतं नाहीतर चंदीगडच्या केंद्राला पोस्टानं. माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. तिथं नुसतं 'मराठी नाही' म्हणण्यापेक्षा त्यामुळं काय झालं ते लिहा. मावशीच्या तक्रारीत आम्ही लिहिलं होतं की कार्ड समजणाऱ्या भाषेत नसल्यानं विम्याची कपात कर्जदाराला कळलीच नाही. भाषा आणि पैसा एका वाक्यात आला की तक्रारीला वजन येतं. कंपनीनं लोकपालापर्यंत जायच्या आधीच नवीन कार्ड पाठवलं, मराठीत छापलेलं, विम्याच्या रकमेसकट.

सरकारी ऑफिस असंल तर आधी ऑफिसप्रमुख, मग स्मरणपत्र, सोबतच आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाका, टोकन नंबर जपून ठेवा. मग माहिती अधिकार. हे हत्यार भाषेसाठी फार कमी लोक वापरतात. माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो, कलम ६ मध्येच लिहिलंय, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि विचारा: या कार्यालयाचे मराठी भाषा अधिकारी कोण, त्यांच्या नेमणुकीच्या आदेशाची प्रत द्या, मागच्या वर्षात भाषेबद्दल किती तक्रारी आल्या आणि प्रत्येकीवर काय केलं, नागरिकांसाठीचे कोणते नमुने अजून फक्त इंग्रजीत आहेत त्याची यादी द्या. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. वेल्समध्ये तक्रारींची नोंद ठेवणं हे मानकच आहे, आपल्याकडं तीच नोंद तुमच्या अर्जामुळं तयार होते. पुष्कळदा नेमणुकीचा आदेश हा अर्ज आल्यावरच निघतो, निघू द्या, निघाला हे महत्त्वाचं.

एकटं करू नका. एकाच अर्जावर पन्नास सह्या घेण्यापेक्षा पाच जणांनी पाच वेगळे अर्ज द्या, प्रत्येकाचा दिवस वेगळा, फॉर्म वेगळा. पन्नास सह्यांची ती एकच तक्रार धरली जाते आणि एकच उत्तर येतं. पाच अर्ज म्हणजे आवक रजिस्टरला पाच नोंदी.

मराठी आलं पण असं आलं तर

हा भाग लई राहून जातो. तक्रारीनंतर फॉर्म मराठीत येतो आणि तो इंग्रजीपेक्षा अवघड असतो, मशीनमधून काढलेला, वाक्याला शेंडा ना बुडखा. २००८ ला वेल्समध्ये स्वॉनसीच्या कौन्सिलनं रस्त्याची पाटी भाषांतराला ईमेलनं पाठवली, उत्तर आलं ते त्यांनी पाटीवर वेल्शमध्ये जसंच्या तसं छापलं, आणि ते होतं भाषांतरकाराचं आपोआप जाणारं उत्तर: मी सध्या ऑफिसमध्ये नाही, भाषांतराचं काम पाठवून द्या. लावायच्या आधी वेल्श येणाऱ्या एका माणसानं नुसती नजर टाकली असती तरी पुरलं असतं. तेव्हा 'मराठीत केलंय की' यावर थांबू नका. फॉर्म हातात घ्या, लाल पेनानं ज्या ओळी कळत नाहीत त्या खुणा करा, बाजूला साधं मराठी लिहा, आणि पुन्हा अर्जासोबत द्या. गावातल्या दहावी शिकलेल्या आणि अजिबात न शिकलेल्या अशा दोन माणसांना वाचून दाखवा, त्यांना कळलं तर ती ओळ बरोबर. वीजबिल आणि सातबारा आपण मराठीतच वाचतो, थकबाकी, फेरफार, भोगवटादार हे शब्द अडाणी माणसाला पण पाठ आहेत, कारण ते रोज वापरात राहिले. बँकेचे शब्दही तसेच होतील, पण आधी कुणीतरी ते फॉर्मवर आणले पाहिजेत.

आणि एका शाखेत फॉर्म बदलला की त्याच बँकेच्या शेजारच्या तालुक्यातल्या शाखेत कुणालातरी बघायला सांगा. तिथं जुनाच असंल तर पहिल्या शाखेचं मराठीतलं उत्तर जोडून तिथं अर्ज द्या, दुसरा अर्ज पहिल्याच्या अर्ध्या वेळात होतो. अर्जाचा मसुदा, पोच, उत्तर, सगळं एका फाइलीत लावून ती फाइल ग्रामपंचायतीच्या वाचनालयात नाहीतर सेवा केंद्रात ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला नियम शोधत बसावं लागणार नाही, नाव आणि तारीख बदलली की झालं.